विहिरीपाशी केझाया

गुरुवार, १४ नोव्हेंबर

टण् टण् टण्! पाच वर्षांची केझाया लाकडी चमचा पातेल्यावर आपटत कविता म्हणतेय, आणि ताल चुकला की मी शेगडीजवळून ओरडतोय — "पुन्हा!" बसमध्ये डुलकी लागली नि हेच ऐकू आलं. मग शेजारी बसलेल्या प्रुइट बाईंचं कोपर. "टॉलिव्हर सर, उतरा! घोरायला परिषदेत भरपूर वेळ मिळेल."

निवृत्त शिक्षकांची परिषद हे निमित्त. बाईंना ते ठाऊक नाही. रस्त्यापलीकडे ते जुनं गाव आहे, जिथं माणसं पर्यटकांसाठी अमेरिकेवर इंग्लंडचा राजा होता त्या काळातले कपडे घालून वावरतात. तिथं माझी नात केझाया गुलाम बाईचं सोंग घेऊन काम करते. आई गेल्यावर मीच वाढवली तिला. तीन वर्षांपूर्वी फोनवर म्हणालो, "आपल्या आज्यांनी गुलामीतून सुटताना डोक्यावरून फेकलेलं फडकं तू पगार घेऊन बांधणार?" तेव्हापासून बोलणं नाही.

उद्या भेटेन. माफी मागेन.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

भाषणं. शेंगदाण्याचं सूप. गेलो नाही. भित्रा!

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज परिषदेनंच सगळ्यांना गावात नेलं. ढोल, घोडे, लोहाराचा भाता. प्रुइट बाई माझा दंड धरून. "बघा, आपल्याच काळ्या पोरी! ह्यांच्या घरच्यांना लाज कशी वाटत नाही?"

मी मान डोलावली. डोलावली!

विहिरीपाशी केझाया धुणं धूत होती. वाळलीय. केसांचा टोप घातलेला, मालकाच्या सोंगातला एक गोरा आला आणि "दिवसभरात एवढंच?" असा खेकसला की माझी काठी वर गेली. गेली, आणि परत टेकली.

तो गेल्यावर ती आमच्याकडे आली. ही मंडळी काही झालं तरी सोंग सोडत नाहीत. एकेकाला विचारू लागली, "लांबून आलात ना? माझी माणसं विकली हो. वाटेत कुणी भेटलं का?"

"मॉलमध्ये बघ!" एकजण म्हणाला. लोक हसले.

"ते कुठल्या परगण्यात आलं, साहेब?" ती म्हणाली. आणखी हशा. तोंडाळ पोर! मला केवढा अभिमान वाटला.

मग माझ्यासमोर. डोळे किंचित थबकले. "आणि तुम्हाला, बाबा? एक म्हातारा आहे माझा. सारखा कविता म्हणतो. दिसला का कुठं?"

दंडावर बाईंची पकड. सगळे बघत होते. गळ्यात परिषदेचा बिल्ला, ठळक अक्षरांत टॉलिव्हर.

"नाही, बाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आणि पुढच्याकडे वळली.

बसमध्ये प्रुइट बाई — "कवितावाला म्हातारा म्हणे! तुम्हाला बघूनच सुचलं असेल हो तिला." मी हसलोसुद्धा.

रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळ

झोप नाही. उजाडताच तिकीट काढून विहिरीकडे गेलो. तिथं दुसरीच मुलगी. "केझाया आज आली नाही, महाशय. काही निरोप?"

कोण म्हणून निरोप ठेवू? काल कुणीच नव्हतो ना मी तिचा! "काही नाही" म्हणून फिरलो. जन्मभर पोरांना खडसावलं, उत्तर येत असेल तर हात वर करा, लाजू नका. आणि माझा हात!

रविवार, दुपार

हॉटेलच्या खोलीत बॅग भरत होतो. दारावर थाप. वाटलं, प्रुइट बाई. उघडलं तर दारात कालचा मालक! टोप नाही, चक्क टक्कल, अंगात जीन्स. हातात किल्ल्या, त्या नुसत्या या हातातून त्या हातात.

"आजोबा, मी वेस्ली. केझायाचा नवरा. दोन वर्षं झाली."

मी कॉटवर बसलो.

"लग्नात विचारलं होतं मी, तुझ्याकडून कोण? तर म्हणाली, कुणी नाही." त्यानं मान खाली घातली. "खाली गाडीत आहे ती. तुमच्यासमोर यायचं धाडस होत नाहीये तिला."