पन्नास माणसांत लग्न

३ मार्च, सकाळ
लग्नाला पन्नासच माणसं बोलवायची, तर एक्कावन्नाव्याला नाही कसं म्हणायचं? याचं उत्तर मला येत नाही. मान्य. पण तत्त्व पक्कं आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मीच सुरुवात केली नाही तर राणीसावरगावात कोण करणार?

छोट्या लग्नाचे फायदे मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मांडले होते. अन्न वाया जात नाही, मानपानाची भांडणं होत नाहीत, प्रत्येक पाहुण्याशी निवांत बोलता येतं. दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरवालीनं भाषणात मध्येच गाणं म्हटलं होतं, म्हणून.

बाबा म्हणाले, "पन्नास म्हंजे आपल्या भावकीतलं एक अंगण झालं बाई." आई म्हणाली, चूलबंद आवतण न्हाई तर ते लग्न कशाचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी गावात कुणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लेकराबाळांसकट आमच्याकडे जेवायचं. मी तिला नीट समजावलं. ती भाकरी थापत होती. पटलं असावं.

होणाऱ्या नवऱ्याला, वैभवला, मानवतला फोन केला. "तू म्हणशील तसं," म्हणाला. किती पुरोगामी आहे. मागे क्रिकेटची मॅच चालू होती.

लग्न २६ एप्रिलला.

७ मार्च
सेलूच्या शिवप्रकाश काकांच्या महेश्वरीचंही लग्न ठरलं. २९ मार्च. माझ्या आधी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बारावीला दोनदा बसलेली. काकांचा कापसाचा व्यापार, त्यामुळे ड्रोन, डीजे, अर्धा जिल्हा जेवायला. मला तिची कीव आली. संध्याकाळी पुन्हा एकदा आली.

माझं भाषण तिला व्हॉट्सॲपवर पाठवलं. प्रबोधन आपल्याच घरापासून सुरू करावं.

१२ मार्च
महेश्वरीचा फोन. "ताई, तुझं भाषण वाचून डोळेच उघडले बघ. मी चाळीसच मान्सं बोलवायलेय." काका आधी चिडले, मग तयार झाले म्हणे.

माझ्या विचारांचा हा विजय आहे. मला आनंद झाला. दुपारी जेवण गेलं नाही, ॲसिडिटी असेल.

१३ मार्च
खोलवर विचार केला. पन्नास हा आकडा मुळातच मोठा होता. तीस करते. महेश्वरीचा काही संबंध नाही.

शेजारच्या कडूबाई काकूंना कमी केलं. आमची भिंत एकच आहे, त्यांना घरूनही सगळं दिसेल. हे त्यांनाच समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग मी माळवदावर चढून अक्षता टाकू का खिडकीतून?"

बाबांनी यंदाची तूर अजून विकली नाही, पोती ओसरीवर तशीच रचून ठेवलीत. भाव वाढायची वाट बघत असतील. व्यवहार मात्र त्यांना कळतो.

१८ मार्च
महेश्वरी आता पंचवीसवर आली. शिवाय प्रत्येक पाहुण्याला रोप देणार. सेलूच्या एका साप्ताहिकात तिचा फोटो, वर ठळक अक्षरांत 'आदर्श वधू'. खाली तिचं वाक्य छापलंय: "लग्न म्हणजे दोन जिवांचा संवाद, गावाची पंगत नव्हे." वाक्य माझं आहे. भाषणाचा तिसरा परिच्छेद.

बाबांनी तो फोटो पारावर सगळ्यांना दाखवला. पुतणीचं कौतुक, दुसरं काय. लेकीचं घरात असतंच म्हणून वेगळं करत नसतील.

ब्लाउजचं माप द्यायला गेले तर शिलाईवाली म्हणाली, ते सेलूचं लग्न लय भारी होणार म्हनं. मी माप न देताच परत आले.

२१ मार्च
पंधरा. शेवटचा निर्णय. वैभवनं विचारलं, "मला धरून का?"

यात मनकर्णा आत्या बसत नाही. आत्या गंगाखेडला असते. पाळण्यात माझं त्रिवेणी हे नाव तिनंच ठेवलं. कॉलेजची तीन वर्षं रोज दुपारी तिच्याच घरी जेवले. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्याच लावते. पण अपवाद केला की तत्त्व राहत नाही. मी भावना बाजूला ठेवून सविस्तर मेसेज केला, पर्यावरणाच्या मुद्द्यासह.

तासाभरात तिचा फोन. "मिळाला बाई निरोप. पोरानं वाचून दाखविला. येऊ नको म्हनलीस, तेवढं कळलं. मी वसमतहून हळकुंडं आणून कुटून ठेवलीत. ती आता चहात टाकू का?"

मी म्हटलं, आत्या, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "जेवलीस का?" आणि ठेवला.

जुनी पिढी. हळूहळू समजेल.

२५ मार्च
सेलूचं आवतण आलं. बाबा आणि आई. मी नाही.

फोन केला. महेश्वरी म्हणाली, "ताई, पंचविसात बसंना गेलीस. आन् तुलाच वगळलं म्हनल्यावर लोकांना पटंल की हे खरंच छोटं लग्न हाय. तुला तर वाईट वाटायचंच न्हाई, तुझंच तत्त्व हाय."

मी म्हटलं, अगदी बरोबर. शाब्बास म्हटलं. दोन-तीनदा म्हटलं बहुतेक.

तिच्या लग्नासाठी काढून ठेवलेली मोरपंखी साडी परत कपाटात ठेवली. डोळ्यांत चुलीचा धूर गेला. आमच्याकडे गॅस आहे, पण शेजारून येतो.

२९ मार्च
महेश्वरीचं लग्न फोनवर लाइव्ह बघितलं. पंचवीस माणसं मांडवात आणि सातशे फोनवर. शेवंतीची परडी, जंगम स्वामींचे मंत्र, सगळं साधं आणि इतकं सुंदर की बघवेना. तरी शेवटपर्यंत बघितलं. अभ्यास म्हणून.

हळद लावताना तिची आत्या दिसली. म्हणजे मनकर्णा आत्या. साहजिकच, काकांचीही ती बहीणच. पंचविसांत ती होती. महेश्वरीच्या गालाला हळद लावताना हसत होती. माझ्यासाठी कुटलेलीच हळद असेल का ती?

कडूबाई काकू भिंतीवरून विचारत होत्या, पोरी, रडायलीस का. मी म्हटलं, नेटवर्क जायलंय.

३० मार्च
सकाळच्या एसटीनं गंगाखेडला गेले. आत्यानं आधी चहा टाकला. मग म्हणाली, "हळद तुझीच हाय. फडक्यात बांधून ठेवलीय. सेलूला त्यांची पुडीतली होती." हे ऐकून मला जो आनंद झाला, तो तात्त्विक नव्हता, एवढं इथं लिहून ठेवते.

तिनं विचारलं, "आता किती मान्सं म्हनतीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, सगळं गाव.

आत्या फडकं हातात तोलून म्हणाली, "मग ही पुरायची न्हाई. चल, तिकडंच कुटू." आणि पिशवी भरायला लागली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. वाटलं होतं दचकेल. ती म्हणाली, "तुझ्या बापानं तूर कशापायी ठेवली वाटलं तुला? आचाऱ्याला तर शिवरात्रीलाच सांगून आलेत."

छोट्या लग्नाचे फायदे मला आजही मान्य आहेत. भाषणातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त आपल्या भागाची अजून तयारी झालेली नाही. पुढच्या पिढीत बघू. आणि हे महेश्वरीशी बरोबरी म्हणून मुळीच नाही. तरी गावाचा आकडा पंचविसापेक्षा बराच मोठा होईल, ही वस्तुस्थिती आहे.

संध्याकाळी महादेवाच्या देवळात गेले. मुंजाजी गुरवांनी भोंगा लावून दिला आणि माईक हातात दिला. "नवरीनं सोता पुकारल्यालं पहिल्यांदाच ऐकायलोय," म्हणाले. मी स्पष्ट आवाजात, वक्तृत्वात शिकवतात तसं, तीनदा पुकारलं: शिवमूर्तींच्या त्रिवेणीचं लग्न, २६ एप्रिल, सगळ्या गावाला चूलबंद आवतण.

पहिल्यांदा पुकारलं तेव्हाच कडूबाई काकूंनी माळवदावरून हात केला. मग देवळातूनच महेश्वरीला फोन लावला आणि दुसऱ्या, तिसऱ्या वेळचं पुकारणं तिला ऐकवलं.

बाबा शेतातून घरी आले की त्यांना सांगणार आहे. भोंगा आमच्या शेतापर्यंत ऐकू जातो, पण आज वारं उलटं होतं.