टाकीच्या झाकणाचं अस्तर

प्रिय खटपटे,

या नावानं तुला हाक मारून बारा वर्षं झाली. वाचूनच चमकली असशील, की बाबांना आज झालंय तरी काय! काही झालेलं नाही, उलट आज दोन घास जास्त जेवून लिहायला बसलोय. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. दोनदा खाकरतो आणि फोन तुझ्या आईच्या हातात देतो. म्हणून हा कागद. मापांच्या वहीतला आहे, मागची बाजू वाचू नकोस, तिथे एका गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर आहे.

बातमी स्कूटरची आहे. हो, तीच, दुकानामागे ताडपत्रीखाली उभी असलेली. इस्त्रीचं नवं टेबल ठेवायला जागा हवी म्हणून तुझ्या आईनं माझ्यामागे लकडा लावला, की चालू तरी करा नाहीतर भंगारात तरी द्या. त्या सोमवारच्या आठवड्यानंतर मी तिला किकसुद्धा मारली नव्हती.

त्या सोमवारबद्दल आपण घरात कधी बोललो नाही, आज बोलतो. आदल्या दिवशी तू कार्बोरेटर उतरवलास, कारण कितीही चोक ओढला तरी स्कूटर सकाळी सुरू व्हायला कुरकुर करत होती. दिवसभर वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडून साफ करत बसलीस आणि संध्याकाळी एका किकमध्ये सुरू करून दाखवलीस. सोमवारी मी टाकी गच्च भरली, तुझ्या आईला मागे बसवलं आणि निघालो. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. स्कूटर मागे घरंगळली, तुझी आई पडली, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दुकानातली सगळी काजं तोच हात करायचा, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा वळला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात चार माणसांसमोर मी तुला म्हणालो, “हात लावलास आणि वाट लावलीस.” मला शब्द न शब्द पाठ आहे, तुलाही असणार. त्या आठवड्यात तू आपली चूक शोधायला तीनदा कार्बोरेटर उघडलास. चौथ्यांदा मी तुझ्या हातातून पाना काढून घेतला. मोटारदुरुस्तीच्या कोर्सचा तुझा अर्ज घरातच पडून राहिला, आणि का, हे मी विचारलं नाही.

परवा कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. मोठा बोलका माणूस, स्कूटरशीसुद्धा गप्पा मारतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काकवीसारखं चिकट झालं होतं. त्यानं टाकी धुतली, नळी बदलली, कार्बोरेटर उघडला. मी धीर करून विचारलं, की आत काही उलटंसुलटं बसवलंय का हो? तर म्हणाला, “छे! जुन्या पेट्रोलचा राप बसलाय एवढंच. बाकी ज्यानं हा शेवटचा उघडला ना, त्याचा हात चांगला आहे. एक स्क्रू पिळलेला नाही, जेटला ओरखडा नाही.” मी उगाच टेप गुंडाळत बसलो.

सगळं साफ करून बसवल्यावर स्कूटर सुरू झाली. मिस्त्री फेरी मारायला गेला आणि घाम पुसत, ढकलत परत आला. पाच मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू, थोडं गेल्यावर पुन्हा बंद. त्यानं प्लग बदलला, फ्लोट तपासला, तिला दोन शिव्याही घातल्या. शेवटी ती बंद पडल्या पडल्या त्यानं टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा ओढली गेल्याचा स्स् असा आवाज आला, आणि एका किकमध्ये इंजिन सुरू! झाकणाला एक बारीक भोक असतं म्हणे. तिथून टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही, मग कार्बोरेटर कितीही स्वच्छ असो. त्यानं झाकण उलटं केलं, नखानं आतली काळी चकती उचकटली आणि हसत सुटला. “हे काय हो? शिंप्याकडून शिवून घेतलंय की काय?”

खटपटे, ते मीच शिवलं होतं. त्या रविवारी तू हात धुवायला गेलीस तेव्हा. झाकणातून पेट्रोल हिंदकळायचं, पोचवायला नेलेल्या एका कोटाला वास लागला होता आणि गिऱ्हाईक माझ्यावर खेकसलं होतं. म्हणून रेनकोटच्या कापडाची दुहेरी चकती कापली, कडेनं मशीन मारली आणि झाकणात घट्ट बसवली. स्वतःवर खूशही झालो. मुद्दाम लपवलं असं समजू नकोस. मला खरंच कधी सुचलं नाही. चूक तुझी हे एकदा ठरवून टाकल्यावर माझं डोकं पुढे चाललंच नाही. माझं चुकलं गं. फार चुकलं.

तुझ्या आईला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली, मग रडली, मग ओरडली, “अहो, बसलात काय? आधी तिला कळवा!” आज दुपारी ती आपणहून मागे बसली. त्याच पुलावरून गेलो आणि आलो. मी जपून हळूहळू चालवत होतो, आणि ही मागून म्हणते, “जरा जोरात चालवा की.” खाली उतरलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की पुन्हा एक फेरी मारली.

आता खरं कारण. तुमच्या पंपांच्या कारखान्यात तुला ऑफिसातून दुरुस्तीच्या टेबलावर यायला सांगतायत आणि तू नाही म्हणणार आहेस, असं तुझी आई म्हणाली. “माझ्या हाताचा भरवसा नाही,” असं तू तिला सांगितलंस म्हणे. ते वाक्य तुझं नाही, पोरी, माझं आहे, आणि मी ते परत घेतो. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय ना, मग त्यांना हो सांग. विश्वास बसला नाही तर या पाकिटात ती चकती ठेवली आहे. कडेची शिवण बघ, कुणाच्या हातची आहे ते तू लगेच ओळखशील.

तुझाच,
बाबा