चार खुर्च्यांचं टेबल

पोर्ट लुई,
सोमवार, २२ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप बाबा आणि आई,

इंद्राणीचा नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला. आपल्या गावी, सुरिनामला, ऊसतोडणी कुठवर आली? आईचा गुडघा कसा आहे? माझ्या मराठीत चुका सापडतील. लाल पेन्सिल जवळ घेऊनच वाचा, म्हणजे पत्र परत पाठवायला सोपं.

गेले पंधरा दिवस मी एका उद्योगात आहे. दुपारी बारा ते एक ऑफिस बंद असतं. तेवढ्या वेळात शहरातलं एकेक उपहारगृह बघून येते. बरोबर बों अक्योय गावची निर्मला असते. ती माझ्या शेजारच्या टेबलावर टाइप करते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "एवढी शोधाशोध? नवरा बघायला येतोय का?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी."

बाबा, रोज बाजाराच्या फाटकाशी उभं राहून दालपुरी खाणाऱ्या माणसाला कळतच नाही की या शहरात बसून खायच्या किती तऱ्हा आहेत. नाट्यगृहाजवळ एक चहाचं दुकान आहे. काचेचं दार, संगमरवरी टेबलं, आणि वाढणाऱ्याच्या गळ्यात काळा बो. आम्ही दोघींनी मिळून एक चहा मागवला आणि त्यांचं कार्त, म्हणजे पदार्थांची यादी, मागितली. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग उलटून मागचीही वाचली. तो माणूस डोक्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामझेल, खाणार आहात की पाठ करणार आहात?" निर्मलाचा चहा नाकात गेला. तिथल्या एका केकच्या किमतीत आमचं दोघींचं आठवड्याचं दुपारचं खाणं होतं. तिथे काही जमायचं नाही.

शाँ द मार्सच्या मैदानाकडे जाताना एक बिर्याणीवाला लागतो. चव अशी की निर्मला हाडं मोजत बसली. पण बाकडी लांबलचक. शेजारचा माणूस आपल्या ताटात बघतो आणि आपलं बोलणंही ऐकतो. तेही नको.

शेवटी गेल्या गुरुवारी चिनी दुकानांच्या गल्लीत, कापडवाल्याच्या वरच्या मजल्यावर, हवं तसं उपहारगृह सापडलं. जिना अरुंद आहे, आईला धरून न्यावं लागेल. वर मात्र टेबलांवर पांढऱ्या चादरी, फुलदाणीत खरी फुलं, खिडकीतून बंदरातली जहाजं दिसतात. मालकाला मी विचारलं, "गाय, डुक्कर?" तो हसला. "दक्षिणेकडची ना तू? तिकडचे सगळे आधी हेच विचारतात. ये, बघ." मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला. कोंबडी आणि कोळंबीची कढई वेगळी, झाराही वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. मीन फ्रीर, म्हणजे त्यांच्या परतलेल्या नूडल्स, खाऊन पाहिल्या. आईला नूडल्स गांडुळांसारख्या दिसतात, पण तिने डोळे मिटून खाव्यात. किंमत माझ्या पगाराला झेपणारी आहे.

या जागेचं सांगताना मी आईचं नाव दोनदा लिहिलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बाबा, इथून पुढचं आईला वाचून दाखवण्याआधी एकटे वाचा.

कुंती दीदी ३० तारखेला लंडनहून येतेय. रेमोंला सुट्टी नाही, एकटीच येतेय. तीन आठवडे माझ्या खोलीवर राहील. तिने लिहिलंय, "गावी येणार नाही. बाबांना त्रास नको. तू मला बसस्थानकावर भेट, कुठेतरी उभ्यानेच काहीतरी खाऊ."

उभ्याने. सात वर्षांनी.

मला ते चालेना. म्हणून पांढऱ्या चादरीची जागा शोधत होते. आणि खरं सांगू का, दुसरंही कारण आहे. अशा जागी माणसं मोठ्याने बोलत नाहीत. मी पंधरा दिवस नीट बघितलंय. बिर्याणीवाल्याकडे दोन भावांचं कडाक्याचं भांडण झालं. वरच्या मजल्यावर नवरा-बायको भांडत होते तर चादरीकडे बघत, हळू आवाजात. तुम्ही आणि दीदी तिथे काही बोललात तरी हळूच बोलाल.

तिने रेमोंशी लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "माझ्या घरात तिचं ताट वाढायचं नाही." तुम्ही दिलेला शब्द मोडत नाही, सगळ्या सुरिनामला ठाऊक आहे. मी तुमच्या वर्गात मराठी शिकलेय, म्हणून हे वाक्य कितीतरी वेळा फोडून पाहिलं. 'माझ्या घरात'. वरचा मजला चिन्याचा आहे. ताटं त्याची, वाढणार त्याचा माणूस, आणि बोलावणारी मी. तुमचा शब्द जिथल्या तिथे राहतो.

शनिवार, ३ सप्टेंबर, दुपारी साडेबारा. टेबल सांगून ठेवलंय. मालकाने विचारलं, "किती खुर्च्या?" मी चार म्हटलं. तुम्ही आला नाहीत तर दोन रिकाम्या राहतील. दीदीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तिने ते ऐकू नये.

विक्टोरिया बसस्थानकावर अकरापासून उभी राहीन.

तुमची मुलगी,
इंद्राणी

•

सुरिनाम,
शनिवार, २७ ऑगस्ट १९८३

चिरंजीव इंद्राणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकटे वाचा म्हणालीस तोही भाग आईला वाचून दाखवला. ती रडली, मग चुलीकडे गेली, मग परत येऊन म्हणाली, पुन्हा वाचा. तीनदा वाचला. गुडघा बरा आहे. जिना चढेन म्हणते.

चुका. तू सगळीकडे उपहारगृह लिहिलं आहेस. उपहार म्हणजे भेट. खाण्याचं ते उपाहार, प ला काना. दहा वेळा लिहून काढ.

वाक्य फोडलंस ते व्याकरणाला धरून आहे. मास्तराच्या मुलीने बापाला असं धरावं, हे मात्र मी शिकवलेलं नाही.

मोठी चूक निराळी आहे. ३ तारीख कशी धरलीस? १ तारखेपासून आपला करेम. (बोलताना करेम म्हणावं, लिहिताना व्रत.) दहाला गणपती बसतात, अकराला विसर्जन. त्याआधी कोंबडी-कोळंबीच्या कढईपुढे मला बसवणार होतीस? शहरात चार वर्षं राहिलीस आणि चतुर्थी विसरलीस. चिन्याला सांग, टेबल १७ ला, शनिवारी. वेळ तीच. कोळंबी ताजी हवी.

आणखी एक. कुंती ३० ला उतरते, म्हणजे करेम तिलाही लागतो. घरच्या सगळ्या माणसांनी धरायचा असतो. विलायतेत सवय मोडली असेल. १ पासून मांस-मासळी नाही, अंडंसुद्धा नाही, हे तिला नीट समजावून सांग. कुठल्याही सबबी ऐकू नकोस.

तुम्हा दोघींचा,
बाबा