डावीकडून हाक

प्रिय ताई,

पत्र लिहायला बसतो आणि भलतंच काहीतरी करायला उठतो, असं केव्हापासून चाललंय. फोनवर सांगावं तर माझी गाडी कुठल्या कुठे घसरते, तुला ठाऊकच आहे. आज दाराला कडी लावून बसलोय. खिडकीखाली एक गृहस्थ जुन्या सायकलीला लाल रंग देतायत, साखळीसकट! साखळीला कोण रंग देतं गं? असो.

बाटल्यांच्या कारखान्यात लागलोय. हो, पुन्हा नवीन नोकरी, हसू नकोस. तिथं आवाज फार, म्हणून कामावर घेण्याआधी कान तपासतात. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी धडाधड दाबलं. डाव्याच्या वेळी नुसताच बसून राहिलो. शेवटी तपासणाऱ्या बाईंना म्हणालो, मॅडम, या बाजूचं यंत्र बंद पडलंय. त्या म्हणाल्या, यंत्र ठीक आहे. लहानपणी कान फुटायचा का?

फुटायचा ना. ओल्या भिंतींची ती एकच खोली, एकाला सर्दी झाली की सगळ्यांना. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आईचा खाडा, आणि खाडा झाला की संध्याकाळी चूल पेटायची पंचाईत. मग तू कापूस घालून मला मांडीवर घेऊन बसायचीस. त्या तपासणाऱ्या बाईंच्या मुलाचाही फुटायचा म्हणे. त्यांनी लगेच दाखवला, तो बरा झाला. मला मात्र गुरुजी ‘महाराज, लक्ष कुठंय?’ म्हणत मागच्या बाकावर पाठवायचे. तिथून तर काहीच कळायचं नाही. मग खिडकीबाहेर बघण्यावाचून काय उरतं? सगळं खापर कानावर फोडत नाही हं. दोन्ही कान धड असते तरी मी भटकलोच असतो. पण निदान बेरजा ऐकून तरी भटकलो असतो.

हे लिहायला हात धजत नव्हता, कारण तुला वाटेल मी आईला आणि तुला बोल लावतोय. तसं नाही गं. गेल्या खेपेला तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या चिमणीला पाहिलं. तू ओट्याजवळून हाक मारतेस, ती ढिम्म. सगळे हसले की त्यांच्याकडे बघून मग ती हसते. उजव्या कुशीवर झोपली की हाकेला उठतच नाही, आणि तू म्हणतेस, मामावर गेलीय कार्टी. खरंच मामावर गेली असेल तर? तिचं लक्ष लागत नाही म्हणून शाळा तिला वेगळ्या वर्गात घालायला निघालीय. त्या कागदावर सही करू नकोस. आधी कान दाखव. तिच्या कानाचा दोष अजून वेळेत सापडेल. भाऊजींना फोनवर म्हणालो तर म्हणाले, आता तू आम्हाला लक्ष द्यायला शिकवणार? आणि ठेवलाच फोन.

थांब, कोणीतरी कडी वाजवतंय.

ताई, भाऊजी आलेत! माझा जिना कधी न चढलेला माणूस दारात धापा टाकत उभा आहे. ट्रक खाली रस्त्यातच उभा केलाय, मागचे हॉर्न वाजवतायत. म्हणतात, ते कानाचं पुन्हा सांग, नीट सांग. वर म्हणतात, ट्रकची पुढची खेप सोडून दिलीय, सोमवारी पोरीला कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जातो. पत्र त्यांच्याच खिशात घालतोय.

तुझाच,
भटक्या