उन्हात उभे राहिलेले दीर

मंगळवार, लातूर. जळकोटहून आत्ताच परतले.

आज शिबिरात हयातीच्या दाखल्यासाठी मी पेन्शनवाल्यांचे चेहरे ॲपमध्ये घेत होते. एका मावशींचा चेहरा पदरामुळे ॲप घेईना. मी ओरडलेच, "पदर मागं घ्या की!" शेजारी त्यांचे थोरले दीर बसलेले. ते उठले, बाहेर उन्हात पाठ फिरवून उभे राहिले. मग मावशींनी पदर सरकवला.

माझा एम.ए.चा प्रबंधच डोक्यावरच्या पदरावर होता. या सरकारी प्रकल्पात घेताना साहेब म्हणालेले, माणसं कळणारी मुलगी हवी. कळली? ती उन्हातली पाठ डोळ्यांपुढून हलेना.

ॲपवर 'यशस्वी' आलं. पदर सावरत मावशींनी विचारलं, "लई शिकलीस काय गं बाई?"

मी फोनमध्ये बघत खोटंच म्हणाले, "थांबा मावशी, नेटवर्क गेलंय."