आबांचे खांब

सास्तूर, रविवार, १२ जानेवारी

वेरूळ बघून आलो. अंग मोडलंय, पण माझंच एक वाक्य डोक्यातून जात नाही.

दहावं लेणं, बौद्धांचं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. माझ्या वडिलांनी, आबांनी, अर्धा जन्म सुतारकी केली, म्हणून मुद्दाम नेलं. आत बुद्ध, वर दगडाचेच वासे, हुबेहूब लाकडी छतासारखे. गाईड म्हणाला, वासे नंतर बसवलेत. मला राहवलं नाही. शाळा सातवीत सुटली, तरी लेण्यांवरचं वाचन माझं कमी नाही. म्हणालो, "सगळा एकच दगड आहे. लाकूड असतं तर कधीच खाली आलं असतं."

"मग काका, तुम्हीच सांगा, मी बसतो," गाईड हसला.

आबा वरच बघत होते. म्हणाले, "व्हय. आपलं लाकूडच व्हतं." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं, त्यात माझी बहीण कुसुम गेली. छत आबांच्या हातचं. त्यानंतर त्यांनी रंधा धरला नाही. पण तिला मी काढलंय, ती दगडमातीच्या भिंतीखाली होती. आबांचे खांब, तुळई, सगळं जागच्या जागी उभं होतं. आबा तेव्हा सोलापूरला दवाखान्यात. त्यांनी ते पाहिलंच नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. घरात तिचं नावच निघत नाही.

लाकूड असतं तर... काय गरज होती?

गाईडला आज तीनदा दुरुस्त केलं. येताना सहा तास आबा माझ्या शेजारीच बसले होते.