घरी अवलंबून कोणी?

१४ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. तुझ्या गुडघ्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे दुखत असणार.

इथे ठीक. ऑफिसात फायलींचा ढीग हलत नाही. परवा आमच्या वकीलसाहेबांनी कराच्या एका अपिलात तासभर युक्तिवाद केला, सगळ्यांनी वाहवा केली. युक्तिवाद माझा होता, स्वल्पविरामासकट. सोळा वर्षं झाली, आता रागही येत नाही, नुसती मान दुखते.

बाबांसाठी मधली खोली रिकामी करायला घेतली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा आहे. मिस्त्री रोज येतो म्हणतो आणि येत नाही.

एक सांगायचं होतं. जानेवारीत मी करकायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला होता. तुला बोलले नाही, कारण होईल असं वाटलंच नव्हतं. जागा वीस, आणि परीक्षेला बसलेली बहुतेक माझ्या निम्म्या वयाची. काल प्रवेशाचं पत्र आलं. एक वर्ष, दिवसभर वर्ग, सुरुवात जूनमध्ये. नोकरी सोडेन.

तू आता तारखा जुळवत असशील. एक जूनला बाबा माझ्याकडे यायचे आहेत. ‘चार वर्षं तू केलंस, आता माझी पाळी’ असं मीच म्हणाले होते.

पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

खोटं मी आधीच बोलून झाले आहे. मुलाखतीत विभागप्रमुख बाईंनी शेवटी विचारलं, “अभ्यास जड आहे. घरी तुमच्यावर अवलंबून कोणी?”

मी म्हणाले, “नाही. कोणी नाही.”

विचारही करावा लागला नाही, ताई. त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता, बाबांनी तुला आई म्हणून हाक मारली म्हणून. तू रडत होतीस. मी हो हो करत होते आणि मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस तिथेच राहू देत.

आज सकाळी बाईंना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अहो, त्या प्रश्नाला गुण नसतात. घर सांभाळणाऱ्यांसाठी हाच अभ्यासक्रम दोन वर्षांत करता येतो, आठवड्याला तीन दिवस. तेवढं सांगायला विचारते मी. तुम्ही नाही म्हणालात, मी पुढे गेले.”

महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. आणि एवढं होऊनही विचारतेच: एक वर्ष बाबांना तुझ्याकडे ठेवशील? एका वर्षात उरकून टाकेन. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही. धरला तरी दाखवणार नाही.

तुझी,
चिमणी


१९ मे

चिमणे,

फोन केला असता, पण फोनवर आपण एक तर रडतो नाही तर भांडतो.

पत्र वाचून दोन दिवस उशीखाली ठेवलं. राग आला होता. अर्जाचा नाही, त्या ‘कोणी नाही’चा. मग आठवलं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, “यांचं बघणारं आणखी कोणी आहे?” मी ताडकन म्हणाले, “नाही, मी एकटीच.” बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर तू आठवलीस. तरी मागे फिरून सांगायला गेले नाही. असू दे, फिट्टंफाट.

बाबांना वर्षभर ठेवणार नाही. माझ्याने आता होत नाही. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोलले नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. ते एक जूनलाच येतील. तू ती दोन वर्षांची जागा घे, आजच जाऊन सही कर. तीन दिवस बाबांजवळ बसायला एखादी बाई शोध. ती सापडेपर्यंत मी येऊन राहते. मात्र स्वयंपाक करणार नाही. मी येणार आहे ती झोपायला.

बाबांना सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, “कुठली परीक्षा?” तीनदा सांगितलं. मग म्हणाले, “धाकटी घाई करते. तिला म्हणावं, प्रश्न पुरता वाच.” मी हसले, गं. किती दिवसांनी हसले.

त्यांना सकाळच्या गोळ्या पाण्याबरोबर गिळता येत नाहीत, कुस्करून द्याव्या लागतात. बाकीचं आल्यावर सांगेन. उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझीच, पण फार दमलेली,
ताई